घरातला तांब्या आणा

सकाळी सातच्या सुमाराला गावी राहणाऱ्या पुतण्याचा फोन आला. "काका, आत्या गेली." सिद्धार्थ एवढंच बोलला आणि थांबला. पहाटे उठून तिनं चहा मागितला होता, अर्धा कप प्याली, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकली, ती टेकलीच. तकलीफ काही नाही, दवाखाना नाही. वय ऐंशीच्या पुढं. नक्की किती ते तिलाही माहीत नव्हतं. मी नांदेडच्या माझ्या घरात दाढीचा ब्रश हातात धरून उभा होतो. तेवढ्यात सिद्धार्थच पुन्हा म्हणाला, "आणि काका... आज गुळाचा दिवस हाय. गाडग्याचं काय करायचं?"

त्याला आता दीड महिना झाला. घरात नुकतंच माणूस गेलंय आणि त्या घरातल्या तरण्या माणसानं दुसऱ्याच वाक्याला गाडग्याची चौकशी करावी, हे बाहेरच्याला विचित्र वाटेल. मला वाटलं नाही. मी म्हणालो, "आधी गूळ टाक. बाकीचं मग." आत्यानंही हेच सांगितलं असतं, फक्त दोन शिव्या जास्त घालून.

आत्याचं नाव भागीरथी. माझ्या वडिलांची थोरली बहीण. पुढं पुढं सगळं गावच तिला आत्या म्हणायला लागलं. शिरूर अनंतपाळच्या अलीकडं आमचं गाव. मी सांगतोय तेव्हा शिरूरला तालुका नव्हता आणि लातूरला जिल्हाही नव्हता. कागदाचं काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागे. छप्पन सालानंतर आमच्या घरानं धम्म स्वीकारला, गावकीची कामं सोडली. वतनातली तीन एकर माळाची जमीन तेवढी हाती राहिली, तीही मातीपेक्षा मुरूम जास्त असलेली. आत्याचं लग्न लांब किनवटकडं झालं होतं. नवरा तापानं गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा एक पत्र्याची पेटी घेऊन ती भावाच्या घरी परत आली. ती आली आणि पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. बायका म्हणायच्या, भागूनं किनवटचं जंगल तिकडंच ठेवलं आणि ऊन तेवढं बांधून आणलं. आत्याही त्यांच्यात बसून हसायची.

हसण्यासारखं फार काही नव्हतं. पाझर तलावाच्या कामावर दादा म्हणजे माझे वडील, आई आणि आत्या तिघंही खडी फोडत. मी अकरा वर्षांचा; नाव उत्तम, पण आत्याच्या तोंडी उत्त्या. कामावर खायला सुकडी वाटायचे, ती आत्या स्वतः न खाता पदरात बांधून माझ्यासाठी आणायची. त्या वर्षी आईचं पोट बिघडलं ते बिघडलंच. कुणीतरी सांगितलं, ताक पाजा. आमच्याकडं एक शेळी होती, वाटीभर दूध देई. पण ते विरजायला दही कुठून आणायचं? म्हणून आत्या मला बरोबर घेऊन माणिकराव पाटलांच्या दारात गेली. पाटलीणबाई, काशीबाई, वाईट बाई नव्हत्या. हाक मारली की लगेच आल्या. आत्यानं वाटी पायरीखाली जमिनीवर ठेवली आणि चार पावलं मागं सरली. काशीबाईंनी पायरीवर उभ्या उभ्याच, वरून, चमचाभर दही सोडलं. थोडं वाटीत पडलं, थोडं मातीत. "पुन्हा लागलं तर ये गं भागू," असंही त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरंच माया होती. आत्यानं वाटी पदराखाली झाकली. विरजणाची रीत मला तेव्हाही ठाऊक होती: आज तुमचं नासलं तर आमच्याकडून न्या, उद्या आमचं नासलं तर तुमच्याकडून. म्हणून वाटेत मी विचारलं, "आत्या, आपलं लागलं की त्यांना परत द्यायचं का?"

"आपलं कोण नेतंय, उत्त्या," ती म्हणाली. आज बाजार नाही असं सांगावं, तसं सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र ते वाक्य पुढं कित्येक वर्षं दातात अडकलेल्या कणासारखं सलत राहिलं.

त्या वाटीचं दही तिनं मोडू दिलं नाही. रोज ताक घुसळायच्या आधी चमचाभर बाजूला काढून ठेवायची. कितीही भूक असो, गाडगं पुसून खायचं नाही हा तिचा कायदा होता. मी एकदा बोटानं तळ चाटला तर तिनं माझ्या पाठीत धपाटा घातला होता. "उद्याचं खाल्लास तू," म्हणाली.

दुष्काळ सरला. त्याच काळात दादा आणि आत्यानं माळावर हट्टानं खणलेल्या विहिरीला पुढं पाणी लागलं. इकडं माणिकराव पाटलांनी गावातली पहिली द्राक्षबाग लावली आणि आत्या तिथं कामाला जाऊ लागली. छाटणीला तिचा हात असा बसला की लांबून बोलावलेला छाटणीवाला गडी तिला विचारून कात्री चालवायचा. "मालक, ह्यो डोळा आंधळा हाय, ह्याला घड येत न्हाई. त्याच्या वरचा ठिवा," असं ती पाटलांना खुशाल सांगायची, आणि पाटील ठेवायचे. छाटलेल्या काड्या बांधावर ढीग करून जाळत. एका वर्षी आत्या म्हणाली, "मालक, जळणाला नेऊ का भाराभर?" पाटील म्हणाले, ने की. तिनं त्या चुलीत घातल्या नाहीत. मोरीच्या सांडपाण्याजवळ ओळीनं खोचून ठेवल्या. निम्म्या वाळल्या, निम्म्यांना पालवी फुटली. आमच्या माळावर दीडशे वेलींची बाग झाली ती अशी, जळणाच्या भाऱ्यातून. मांडव बाभळीच्या लाकडांचा, आणि तारा जिथं मिळतील तिथल्या, गाठी मारलेल्या.

वेली लागल्या, पण खायला काय घालणार? तेव्हा सगळ्यांचा जीव दाणेदार खतावर होता. युरिया, सुपर, पोटॅश... पोती टाकायची आणि वेल पोसायची. तालुक्याहून खत यायचं ते पाटलांच्या आणि चार बागाईतदारांच्या गाड्यांतून. गावकुसाबाहेरच्या आमच्या वाड्यापर्यंत येईस्तोवर संपलेलं असायचं. आत्या शेण, राख, पालापाचोळा, जे मिळेल ते वेलीच्या बुडाला नेऊन घालायची. वेली जगल्या, पण घड लहान, विरळ.

इकडं मी शिकत होतो. आमच्या घराण्यातला पहिला मॅट्रिक मी, पहिला पदवीधरही मीच. बी.एस्सी. ॲग्री. हे मी आजही छाती काढून सांगतो. लाजण्याचं कारण नाही. ज्या पावसाळ्यात माझा निकाल लागला त्याच पावसाळ्यात लातूर जिल्हा झाला. गावात दोनच गोष्टींची चर्चा होती, असं आत्या सांगायची. खरं तर एकाच गोष्टीची होती, पण तिला मी ते कधी बोललो नाही.

पदवीबरोबर मी कॉलेजातून आणखी एक वस्तू आणली होती, जिवाणू खताची पाकिटं. कोळशाच्या काळ्या भुकटीत जिवंत जिवाणू. ते हवेतला नत्र जमिनीत आणतात, वेलीच्या मुळाशी राबतात. आमच्या सरांनी भरवसा दिला होता की, पुढचा काळ याचाच आहे. आत्यानं एक पाकीट हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"ह्यात काय हाय म्हणलास?"

"जिवाणू. डोळ्याला न दिसणारे जीव."

"जिते?"

"जिते."

"मग खातेत काय?"

परीक्षेत हा प्रश्न मला पाच गुणांना आला होता. मी सेंद्रिय कर्ब म्हणालो. म्हणजे काय, तर गोड, कुजकं, शेण, पाला. आत्यानं पाकीट कानाशी नेऊन हलवलं. "आन् तुमच्या सायबांनी त्यांना कोळशात उपाशी कोंडून कशाला ठिवलंय? ह्यांचं दह्यासारखंच हाय की. चमचाभर घ्यावं आन् वाढवावं."

"आत्या, हे शास्त्र आहे, दही नव्हे," मी म्हणालो. ते वाक्य मी कोणत्या आवाजात म्हणालो ते मला आठवतं, आणि अजून कानशिलं गरम होतात.

मग मी काय केलं ते सांगतो. पाटलांच्या हातापाया पडून अर्धं पोतं युरिया मिळवला, त्यात सगळी पाकिटं ओतली, दोन्हींचा फायदा मिळावा म्हणून, आणि भर दुपारच्या उन्हात दीडशे वेलींना वाटून टाकलं. रासायनिक खतात मिसळू नये, उन्हात ठेवू नये, असं पाकिटावर स्वच्छ छापलं होतं. मी ते वाचलंही होतं. पण छापलेलं बाकीच्यांसाठी असतं, पदवीधराला ते लागू नाही, अशी माझी समजूत असावी. वेलींना चार दिवस युरियाचा हिरवेपणा आला, मग गेला. जिवाणूंचा मागमूस नाही.

मी तोंड पाडून बसलो होतो तेव्हा आत्या आत गेली आणि पाण्याच्या रांजणामागच्या कोपऱ्यातून एक झाकलेलं गाडगं घेऊन आली. पाकिटं ओतायच्या आधीच तिनं एकातलं मूठभर काढून ठेवलं होतं. शास्त्रावर तिचा अविश्वास होता म्हणून नाही. कोणतीही जिती गोष्ट सगळीच्या सगळी वापरायची नाही, विरजणापुरतं मागं ठेवायचं, एवढाच तिचा हिशेब. त्या मुठीत तिनं शेण, गूळ, मूठभर डाळीचं पीठ आणि वडाखालची चिमूटभर माती कालवली होती. थंडी होती म्हणून गाडग्याला वाकळ गुंडाळली होती, दह्याला गुंडाळतात तशी. झाकण काढलं तर वर फेस, आणि वास आंबूस-गोड, ताकासारखा. "जिते हायेत," ती म्हणाली. "जेवून राहिलेत."

तिथून आमचं सुरू झालं. गाडग्यातला तांब्याभर काला पिंपातल्या शेणपाण्यात टाकायचा, तीनचार दिवस ढवळायचा, आणि उन्हं उतरली की वेलीच्या बुडाशी ओतायचा. दर आठव्या दिवशी गाडग्याला गुळाचा खडा. दोन ओळींच्या मधे ताग पेरायचा आणि फुलावर आला की तिथंच गाडायचा. छाटणीच्या काड्या जाळायच्या नाहीत, बारीक करून मुळावर पसरायच्या. जमेल तेव्हा निंबोळी पेंड. यातलं निम्मं मला कॉलेजनं शिकवलं होतं, निम्मं आत्या आधीपासून करत होती. फक्त मी त्याला नावं दिली. पुढं एकदा बाटलीत थोडं भरून मी सरांना दाखवायला नेलं. सूक्ष्मदर्शकात बराच वेळ बघून ते म्हणाले, "तुमच्या पाकिटातलेच आहेत असं मी सांगू शकत नाही. पण उत्तम, इथं जत्रा भरलीय." मीही आजपर्यंत त्यापेक्षा जास्त दावा केलेला नाही. चमत्कार नव्हता. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही, दुसऱ्या वर्षी माती हाताला मऊ लागली, तिसऱ्या वर्षी घड भरले.

आणि मग पुन्हा पाऊस रुसला. नवीन जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. एक वर्ष ओढीचं गेलं, दुसरंही तसंच. विहिरी तळाला गेल्या आणि उरलेलं पाणी खारवलं. पाटलांच्या बागेत पानांच्या कडा जळायला लागल्या, आधी तपकिरी, मग कुरकुरीत. पाटील समजले वेल उपाशी आहे. त्यांनी आणखी पोती टाकली. खत म्हणजे विष नव्हे, हे मी नोकरीभर लोकांना सांगत आलो. पण पाणी कमी आणि खताचा मारा जास्त झाला की माती खारावते. बागेत वाफ्यांवर पांढरी पोपडी धरली, चालताना पायाखाली कुरकुर वाजायची. बांधापलीकडं आमच्या माळावर वेली काही पाण्यानं डवरलेल्या नव्हत्या, पण पान हिरवं होतं, आणि काड्यापाल्याखालची माती दुपारीसुद्धा ओलसर लागे. पाटलांनी ते बघितलं. सगळ्या गावानं बघितलं.

एका सकाळी पाटलांचा सालगडी फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा घेऊन दारात आला. "मालकानं सांगितलंय, त्या गाडग्यातलं डबाभर द्या."

आत्यानं डब्याचा वास घेतला. "ह्यात औषध होतं. माझे जीव मरतील ह्यात. मालकाला म्हणावं घरातला तांब्या आणा. प्यायच्या पाण्याचा. आन् विरजण न्यायला घरातल्या बाईला पाठवा."

गडी गेला, आणि दुपारी खुद्द माणिकराव आले. अंगणाच्या कडेला उभे राहिले. "भागू, काय नाटक लावलंस गं?"

"नाटक न्हाई मालक. विरजण हाय ते. विरजणाची एक रीत असतीया."

"गड्याच्या हाती दिलं तर काय बिघडतं?"

"दह्याचं विरजण गड्याच्या हाती औषधाच्या डब्यात नेतेत का तुमच्याकडं?"

पाटील तिथूनच माघारी वळले. मला धडकी भरली. माझ्या नोकरीचा अर्ज गेलेला, चौकशीला माणसं गावात येणार, पाटलांचा शब्द लागणार. मी आत्यावर चिडलो. म्हणालो, "त्यांची बाग वाळून चाललीय. आपल्या तांब्यात घालून आपणच नेऊन देऊ ना!"

"मला बी ती बाग वाळू द्यायची न्हाई. तिथल्या निम्म्या वेली माझ्या हाताच्या हायेत." ती शांतपणे तूर निवडत होती. "पर आपण नेऊन दिलं की ते खत झालं. त्यांनी येऊन नेलं तर विरजण. तू चिडून राहिलास कशाला? दोन दिवस थांब की."

जेवताना दादासुद्धा म्हणाले, "भागूआक्का, न्हाई आले तर?" आत्या म्हणाली, "न्हाई आले तर समजंल, त्यांना बाग जास्त प्यारी हाय का पायरी." पण त्या दोन दिवसांत ती किती वेळा अंगणात येऊन वाटेकडं बघून गेली ते मी मोजलं नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी, बाजाराचा दिवस, वाट माणसांनी भरलेली, काशीबाई आल्या. भर सकाळी. डोक्यावरून पदर, हातात पितळेचा घासलेला तांब्या, दुसऱ्या हातात कागदात बांधलेला गुळाचा खडा. रिकाम्या हातानं विरजण मागू नये म्हणून. आमच्या वाड्यात त्यांचं पाऊल पहिल्यांदा पडत होतं. बायका दारादारांतून बघत होत्या. त्या उंबऱ्याशी थबकल्या.

"दिवेलागणीनंतर देत न्हाईत, म्हणून सकाळीच आले," त्या म्हणाल्या.

"बरं केलंत. आत या की, काकू," आत्या म्हणाली, जशी काही त्या रोजच येतात.

काशीबाई आत आल्या. आत्यानं गाडगं पुढं ओढलं, ढवळलं. काशीबाई सवयीनं तांब्या खाली ठेवायला वाकल्या, तर आत्यानं मान हलवली. "हातातच धरा. खाली ठिवलं तर सांडंल." आणि तिनं ओगराळ्यानं तो काला त्यांच्या हातातल्या तांब्यात सोडला, ओगराळं तांब्याच्या काठाला टेकवून, सावकाश. मातीत एक थेंब पडला नाही. पायरीखाली ठेवलेली ती दह्याची वाटी त्या वेळी आत्याला आठवली की नाही, मला माहीत नाही. मला आठवली. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

"अगं, ह्याला तर ताकाचा वास येतोय!" काशीबाई हसून म्हणाल्या.

"ताकाचाच यायला पायजे. घाण आली की समजा मेलं. आठ दिवसांनी गूळ घाला, वाकळ गुंडाळा, आन् सगळं कधी संपवू नका."

आठच दिवसांनी तोच तांब्या घेऊन माणिकराव स्वतः हजर. चेहरा पडलेला. "भागूबाई, ते घाण मारून राहिलंय." बाई हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदा ऐकला.

"काय टाकलं त्यात?"

"काही न्हाई."

"मालक..."

"मूठभर युरिया," पाटील पुटपुटले. "ताकद यावी म्हणून."

मी हळूच घरात सटकायला निघालो, पण आत्या सोडते थोडीच! "लाजू नका मालक. आमच्या बी.एस्सी.नं बी हेच केलं होतं." पाटील माझ्याकडं बघून इतके हसले की ठसका लागला, आणि आत्यानं आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. ते पाणी प्यायले. ठसक्याच्या भरात प्यायले की जाणून, ते त्यांचं त्यांना ठाऊक. आत्यानं पुन्हा विरजण दिलं, आणि पाटलांना ताकीदही.

पाटलांची बाग सुधारायला दोन छाटण्या गेल्या. खत त्यांनी एकदम बंद केलं नाही, मीच करू दिलं नाही. पोती कमी कमी होत गेली, तागाचं बी वाढत गेलं. मग गावातला एकेक बागाईतदार तांब्या घेऊन येऊ लागला. नियम सगळ्यांना एकच: घरातला तांब्या, गुळाचा खडा, दिवेलागणीच्या आत. जिल्हा जवळ आल्यामुळं जीपगाडीतून साहेबही येऊ लागले. एका साहेबांनी विचारलं, "मावशी, युनिट कुठं आहे?" आत्यानं गाडगं दाखवलं. साहेब गाडग्याच्या मागं काही आहे का ते बघत राहिले.

मला कृषी खात्यात नोकरी लागली. किनवट, माहूर, मग नांदेड... प्रत्येक बदलीला आत्या विरजण किटलीत घालून, फडकं बांधून द्यायची. किनवटच्या एस.टी.त कंडक्टरनं वास घेऊन मला कोपऱ्यात घेतलं होतं, "साहेब, हातभट्टी तरी आहे का हो चांगली?" मी माहूरच्या शेतकऱ्यांना, किनवटच्या वसतिगृहाच्या भाजीच्या वाफ्यांना, कुठं कुठं ते वाटलं. त्यावर भाषणंही खूप केली. भाषणात मी जिवाणूंची इंग्रजी नावं सांगायचो. आत्या एकदा समोर बसली होती, नंतर म्हणाली, "ब्येस बोललास. पर गूळ कवा घालायचा ते सांगायचं राहिलं."

शेवटची भेट दिवाळीतली. ती गाडग्याशेजारीच बाजेवर बसून होती. नजर अधू झालेली, नाक शाबूत. मला म्हणाली, "वास घे." मी घेतला. बराय, म्हणालो. "बराय न्हाई, नीट घे." मी पुन्हा वाकलो, डोळे मिटून. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

ती गेली त्याच्या सातव्या दिवशी पुण्यानुमोदन होतं, तिच्या नावानं बुद्धवंदना. मी गावीच राहिलो होतो. सकाळी अंगणात सतरंज्या घालत असताना पाटलांच्या घरची सून आली. माणिकराव आणि काशीबाई दोघंही आता नाहीत. तिच्या हातात स्टीलची छोटी वाटी होती. माझ्याशी दोन शब्द बोलली, डोळे पुसले आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात गेली. आत सिद्धार्थच्या बायकोनं, रमानं, तिच्या वाटीत शिंकाळ्यातल्या गाडग्यातलं चमचाभर दही घातलं, आणि ती पदराखाली वाटी झाकून निघून गेली.

मी रमाला विचारलं, "दही कशाला न्यायला आली होती?"

"विरजायला. त्यांचं नासलं असंल." रमा कामात होती.

"आपल्याकडून नेतात? खायचं दही?"

तिनं माझ्याकडं जरा चमकून बघितलं. "लई वर्षं झाली की, मामंजी. मी लग्न होऊन आले तवापासून बघते. काशीबाई होत्या तवा त्या स्वतः यायच्या. आपलं नासलं की आपण त्यांच्याकडून आणतो. आत्याबाईंनी तुम्हाला सांगितलं न्हाई?"

सांगितलं नाही. मी दर दिवाळीला येत होतो, बागेचं, गाडग्याचं, भाषणांचं सगळं बोलत होतो, आणि माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी शिंकाळ्यात टांगलेली होती. तिच्या दृष्टीनं ती बातमी राहिलीच नसावी. मी सतरंजी अर्धी घातलेली तशीच सोडून आत गेलो. बाजेशेजारी गाडगं होतं, तिनं गुंडाळलेल्या वाकळीतच. ते काही पाकिटांच्या वेळचं पहिलं गाडगं नव्हे. मधे पाचसहा फुटली, बदलली. वेलीही नव्यानं लावल्या, बाभळीचा मांडव जाऊन लोखंडी आला. आतलं मात्र तेच चालत आलेलं. मी झाकण काढलं आणि नीट वास घेतला.

आमच्या गावातल्या एकूण एक द्राक्षबागेत आज आमच्या घरच्या गाडग्यातलं विरजण आहे. आणि पाटलांच्या घरातलं दही आमच्या दह्यानं लागतं.